गळणारा नळ आणि घरी कापलेला वायसर

नळ गळतो म्हणजे नेमके किती पाणी वाया जाते, हे शाळेत सहज मोजता येते. सेकंदकाटा असलेले घड्याळ, प्रयोगशाळेतले मोजपात्र आणि एक गळका नळ एवढे साहित्य पुरते. गळका नळ शोधायला बहुतेक शाळांत फार लांब जावे लागत नाही! मुलांनी शंभर थेंब मोजपात्रात पडू द्यायचे, पाणी किती भरले ते बघायचे आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायचे. थेंबाचा आकार नळाच्या तोंडाच्या रुंदीप्रमाणे बदलतो, त्यामुळे दोन नळांची उत्तरे वेगवेगळी येतील. समजा, शंभर थेंबांचे १५ मिलिलिटर पाणी झाले आणि दर सेकंदाला एक थेंब पडतो आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार करा. १२,९६० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ १३ लिटर. दिवसाला एक बादली, महिन्याला चारशे लिटरच्या आसपास.

शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे आणि बारवी धरणाचे पाणी मिळते. ते उपसायचे, शुद्ध करायचे, टाकीत चढवायचे आणि मग इमारतीच्या पंपाने पुन्हा गच्चीवर न्यायचे. एवढी वीज आणि एवढे श्रम खर्चून पाचव्या मजल्यावर गेलेले पाणी शेवटी एका पावली-अधेलीएवढ्या रबरी चकतीच्या भरवशावर अडवलेले असते. ही चकती म्हणजे नळाचा वायसर.

हार्डवेअरच्या दुकानात वायसर काही रुपयांत मिळतो. मग तो घरी कशाला करायचा? एक कारण व्यावहारिक आहे. डोंबिवलीतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या इमारतींतले पितळी नळ, शाळेतला जुना हातपंप, प्रयोगशाळेतला निर्वात पंप, कुणाच्या घरचा जुना गाळणीचा पिंप, या वस्तू बनवणारे कधीच बंद झालेले असतात. त्यांच्या मापाची रिंग कुठल्याही दुकानात मिळत नाही आणि दोन रुपयांच्या रबरापायी दोन हजारांची वस्तू भंगारात जाते. दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. वायसर स्वतः कापून बसवला की तो का काम करतो हे कळते आणि कुठला वायसर घरी मुळीच करायचा नाही हेही कळते. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलूच.

धातूवर धातू का चालत नाही?

लोकलने कामावर जाणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारून बघा. स्टीलचा डबा, घट्ट बसणारे झाकण, आत आमटी. ठाण्याला चढताना सरळ असलेली पिशवी गर्दीत आडवी होते आणि दादरला उतरताना पिशवीला पिवळा डाग पडलेला असतो. झाकण तर घट्ट होते! त्याच डब्याच्या झाकणात रबराची किंवा सिलिकोनची रिंग असेल, तर मात्र आमटी आतच राहते.

हाताला गुळगुळीत लागणारा धातूचा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांचा दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरे शिखरांना टेकतात आणि दऱ्या मोकळ्या राहतात. दरीची खोली एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरू. पाण्याचा रेणू साधारण ०.३ नॅनोमीटरचा. म्हणजे त्या दरीत पाण्याचे तीन हजारांहून जास्त रेणू एकावर एक रचून मावतील. आपल्या दृष्टीने फटच नाही, पण पाण्याच्या दृष्टीने तो हमरस्ता आहे.

यावर उपाय दोन. एक तर दोन्ही पृष्ठभाग इतके सपाट घासायचे की दऱ्याच राहणार नाहीत. हल्लीच्या अर्ध्या-पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, त्या अशाच घासलेल्या असतात. (म्हणून त्या नळांत वायसर सापडत नाही. शोधत बसू नये.) दुसरा उपाय म्हणजे मध्ये असे काहीतरी घालायचे की ते दाबले की दऱ्यांत शिरेल. हा उपाय फार जुना आहे. पातेल्याच्या झाकणाभोवती कणकेची वळी लावून दम देतात, ती कणीक म्हणजे गॅस्केटच. नळकाम करणारे पूर्वी पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावत, तेही हेच. आता त्या जागी टेफ्लॉनची पांढरी टेप आली आहे. ते चांगलेच झाले, कारण खरा सफेदा शिशाचा असे आणि शिसे विषारी असते.

कणीक एकदा दाबली की दबलेलीच राहते. झाकण जरा हलले की फट पडते. नळाचे तसे चालणार नाही, कारण नळ दिवसातून पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. तिथे दबणारा आणि प्रत्येक वेळी परत उसळणारा पदार्थ हवा.

आकार बदलतो, आकारमान नाही

एक खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर बॉलपेनने चौकोनांची जाळी आखा आणि तो सुताराच्या व्हाइसमध्ये हळूहळू दाबा. व्हाइस नसेल तर दोन फळ्यांमध्ये धरून वर वजन ठेवा. जाडी कमी होत जाईल तसा खोडरबर चारी बाजूंनी फुगेल आणि जाळीचे चौकोन पिंपासारखे गोलसर होतील. आता हाच प्रयोग बाटलीच्या बुचावर करा. बूच दबते, पण बाजूला जवळजवळ फुगतच नाही, कारण त्याच्या आत हवेच्या बारीक कोठड्या असतात आणि त्या मिटतात.

रबराच्या आत मिटण्यासारखे काही नसते. त्याचे आकारमान कमी करणे जवळजवळ पाण्याचे आकारमान कमी करण्याइतकेच कठीण आहे. आकार बदलणे मात्र त्याच्या हजारपटीने सोपे. म्हणून वरून दाबलेले रबर जागा मिळेल तिकडे सरकते, धातूच्या दऱ्यांतही. शिवाय दाबलेले रबर आतून सतत बाहेर रेटत राहते. जोपर्यंत हा रेटा पाण्याच्या दाबाहून जास्त आहे तोपर्यंत पाण्याला वाट मिळत नाही.

यातूनच कारागिराचा एक नियम निघतो. रबराला फुगायला जागा ठेवावी लागते. खाचेत रबर काठोकाठ भरले आणि वरून झाकण दाबले, तर ते दबणारच नाही. झाकण वर अडकून राहील आणि जोर लावला तर आटे तुटतील. नव्याने काम करणारे ‘जाड रबर म्हणजे जास्त चांगले’ असे धरून चालतात. तसे नसते. साध्या सपाट वायसरची जाडी दाबल्यावर पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली की पुरे.

रबर परत का उसळते? रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीनच्या हजारो कड्यांची लांबलचक साखळी. साध्या चिकाच्या रबरात या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या, पण सुट्या असतात. ओढले की त्या एकमेकींवरून घसरतात आणि मग परत येत नाहीत. म्हणून कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला कच्चे रबर गंधकाबरोबर तापवल्यावर वेगळेच वागते असे आढळले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने १८४३ साली याच प्रक्रियेच्या पेटंटसाठी अर्ज केला. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. शेवयांना जागोजागी गाठी मारल्या तर त्यांचे जाळे होईल, तसे हे जाळे. आता ओढले की साखळ्या सरळ होतात, पण गाठी त्यांना परत आणतात. गंधक शेकडा दोन-तीन भाग असले की ट्यूबसारखे रबर मिळते. तीस-चाळीस भाग घातले तर गाठीच गाठी होऊन कडक एबोनाइट तयार होते. शाळेत स्थिर विद्युत दाखवायला आपण घासतो ती काळी कांडी हीच. एकाच पदार्थाची ही दोन रूपे वर्गात शेजारी ठेवून दाखवण्यासारखी आहेत.

जुन्या वायसरला काय विचारावे?

नळातून काढलेला जुना वायसर फेकू नका. तो उजेडात तिरका धरून पाहा. त्यावर एक गोल खाच दिसेल. नळाच्या आतल्या पितळी कडेचा, म्हणजे ज्यावर वायसर टेकतो त्या बैठकीचा, तो ठसा आहे. वर्षानुवर्षे दाबून राहिल्यामुळे काही गाठी सुटल्या, काही नव्या ठिकाणी बसल्या आणि आता रबराला दबलेला आकारच आपला वाटू लागला आहे. उसळी गेली की रेटा गेला, आणि रेटा गेला की गळती सुरू.

ठसा सगळीकडे सारखा खोल असेल तर वायसर म्हातारपणाने गेला. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असेल तर नळाची दांडी वाकडी आहे. ठशात एके ठिकाणी चीर असेल तर बैठकीवर खाच पडली असणार, आणि मग नवा वायसर घालूनही नळ थोड्याच दिवसांत गळू लागेल. ही खाच पाण्याचीच करणी. गळक्या नळातून बारीक धार जोरात वाहत राहते आणि महिनोन्‌महिने एकाच जागी पितळ झिजवते. अशा वेळी नळवाल्याकडून बैठक घासून घ्यावी लागते. वायसरच्या कडांना भेगा असतील तर ते हवेतल्या ओझोनचे काम. ताणलेल्या रबरावर तो जास्त जोराने हल्ला करतो. सायकलच्या जुन्या टायरच्या बाजूवर दिसणारे बारीक तडे याच जातीचे.

आता कापू या

आधी टाकीकडून येणारी चावी बंद करा. नळ उघडून पाइपातले पाणी जाऊ द्या. नळाच्या मानेला फडके गुंडाळून स्लाइड पान्याने वरचा भाग फिरवून काढा. आत पितळी दांडीच्या टोकाला एक छोटी चकती आणि तिला बारीक नटाने धरलेला वायसर दिसेल.

माप कशाचे घ्यायचे? जुन्या वायसरचे असे बहुतेक जण म्हणतील. पण तो दबून पसरलेला आणि झिजलेला असतो. माप धातूचे घ्यायचे. वायसर ज्या पितळी वाटीत बसतो तिचा आतला व्यास, मधल्या दांडीचा व्यास आणि बैठकीची रुंदी, ही तीन मापे व्हर्नियरने घ्या. आठवी-नववीच्या मुलांना व्हर्नियर कशासाठी असतो हे पटवायला याहून चांगले निमित्त आम्हाला सापडलेले नाही. मधले भोक दांडीपेक्षा थोडे लहान ठेवायचे, म्हणजे वायसर दांडीवर घट्ट चढतो.

रबर कुठले? सायकलची ट्यूब जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते, ती नळाला पुरत नाही. तिच्या दोन-तीन चकत्या एकावर एक घालण्याची युक्ती सगळीकडे चालते. रात्र निभावायला ती ठीक आहे, पण चकत्या एकमेकींवर सरकतात आणि मध्ये पाणी शिरते. ट्रकची ट्यूब जाड असते, ती बरी. सगळ्यांत चांगली हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी तीन मिलिमीटरची रबरी शीट. विकत घेताना नख रुतवून पाहा. नख थोडे रुतून खूण लगेच नाहीशी झाली पाहिजे. दुमडून धरल्यावर वळणावर पांढुरक्या भेगा दिसल्या तर ते रबर जुने आहे, घेऊ नका.

कात्रीने गोल कापता येतो, पण कडा कोनाकोनाच्या होतात. नळाच्या वायसरमध्ये पाणी अडवण्याचे काम सपाट तोंड करते, कड नाही. म्हणून थोडी ओबडधोबड कड चालते. तरीही नीट काम करायचे तर पोकळ पंच वापरावा. चपला दुरुस्त करणाऱ्यांकडे भोके पाडायला असतो तसा, पण मोठा. तो नसेल तर योग्य व्यासाच्या लोखंडी पाइपाचा तुकडा घ्या आणि त्याची कड बाहेरच्या बाजूने कानशीने घासून धारदार करा. बाहेरून घासायची, कारण आतली भिंत सरळ राहिली तरच चकतीची कड सरळ येते. रबर लाकडाच्या ओंडक्यावर ठेवायचे, पंच सरळ उभा धरायचा आणि हातोडीचा एकच नेमका घाव घालायचा. दोन-तीन हलके घाव घातले की पंच सरकतो आणि कड दुहेरी होते. आधी मधले भोक पाडा, मग बाहेरचा गोल. उलट क्रमाने केले तर छोटी चकती हातात धरता येत नाही आणि भोक एका बाजूला जाते. पातीने कापायचे असेल तर पाती साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या. कोरडे रबर पातीला धरून ठेवते, ओले असले की पाती लोण्यातून जावी तशी जाते. मुले कापत असतील तर शिक्षकाने शेजारी उभे राहावे.

पाइपाच्या फ्लँजची किंवा पंपाची मोठी गॅस्केट असेल तर कागद त्या भागावर ठेवून वरून पेन्सिलीने घासा. नाण्याचा ठसा काढतो तसा कडांचा आणि बोल्टच्या भोकांचा नकाशा कागदावर उतरतो. तो रबरावर चिकटवून आधी बोल्टची भोके पाडायची, त्यांत बोल्ट घालून रबर जागच्या जागी धरायचे आणि मग आतली-बाहेरची कड कापायची. बोल्ट आवळताना एक, मग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे आवळत जायचे.

मोठ्या व्यासाची बारीक रिंग हवी असेल तर शीटमधून कापण्यात फार रबर वाया जाते. त्यापेक्षा गोल रबरी दोरी घ्यावी. लांबी किती? आतल्या आणि बाहेरच्या व्यासाची सरासरी गुणिले पाय. दोन्ही टोके सरळ न कापता एकाच उतारावर तिरकी कापली तर चिकटायला जास्त क्षेत्रफळ मिळते आणि दाब आला की सांधा उघडण्याऐवजी मिटतो. चिकटवायला फेविक्विकच्या जातीचा डिंक चालतो. अशी रिंग पिंपाच्या झाकणाला ठीक आहे. सतत हलणाऱ्या भागाला नाही.

परत नळाकडे येऊ. वायसर बसवला, वरचा भाग फिरवला, चावी सोडली. आता नळ किती आवळायचा? इमारतीची टाकी नळापेक्षा १५ मीटर उंच असेल तर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलो. बैठकीचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर आणि वायसरवरचा जोर १.७ किलो. टाकीच्या लगेच खाली, तीन मीटरवर असलेल्या घरात तोच जोर ३४० ग्रॅमच्या आसपास येतो. एवढ्याशा जोराला अडवायला नळ पिरगाळण्याची गरज नसते. थेंब थांबला की हात थांबवायचा. गळू नये म्हणून जीव खाऊन आवळलेला नळ आपल्याच वायसरवर खोल ठसा उमटवतो आणि लवकर गळतो.

पदार्थ ओळखल्याशिवाय रबर निवडू नये

पाण्याला चालणारे रबर तेलाला चालेलच असे नाही. सारख्या मापाचे दोन तुकडे घ्या. एक सायकलच्या ट्यूबचा, दुसरा स्कूटर दुरुस्त करणाऱ्याकडून मागून आणलेल्या जुन्या ऑइल सीलचा. दोन्ही टर्पेंटाइनमध्ये झाकणबंद बाटलीत दिवसभर ठेवा (खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको). ट्यूबचा तुकडा चांगलाच फुगलेला आणि लिबलिबीत झालेला दिसेल. ऑइल सील त्या मानाने फारच थोडे फुगते, कारण ते बहुधा नायट्राइल रबराचे असते. टर्पेंटाइनचे रेणू साखळ्यांमध्ये घुसून त्यांना दूर सारतात. गाठी असल्यामुळे जाळे विरघळत नाही, फक्त फुगते.

रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात पूर्वी चामड्याचा वाटीसारखा वायसर का असे, याचे एक उत्तर इथे मिळते. पण त्या वाटीत आणखी एक शहाणपण होते. दट्ट्या खाली दाबला की हवेचा दाब वाटीच्या आत शिरून तिच्या कडा नळीच्या भिंतीवर रेटतो. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट. दट्ट्या वर ओढताना कडा सैल पडतात आणि बाजूने हवा आत येते. सायकलच्या हातपंपातही हेच. एकच चामड्याची वाटी गॅस्केटही आहे आणि झडपही.

रबराला थंडीही चालत नाही, निदान काही जातींच्या रबराला. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्याच्या घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यांत रबरी ओ-रिंगा होत्या. त्या दिवशी सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणीतच त्या रबराचा तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि बाहेर काढून सोडला. तुकडा लगेच उसळला नाही. सांधा उघडत असताना रबराने क्षणार्धात उसळून फट भरायला हवी होती. सायकलच्या ट्यूबने हा प्रयोग केला तर दिसणार नाही, तिचे रबर बर्फाच्या तापमानाला मऊच असते.

कुकरची रिंग मात्र नाही

ठाणे आणि प्रेशर कुकर यांचे नाते जुने आहे. हॉकिन्स कुकर बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना ठाण्यात आहे. तेव्हा कुकरबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नळाचा वायसर जमला की पुढची उडी कुकरच्या रिंगेवर पडते, विशेषतः जुन्या कुकरची रिंग बाजारात मिळत नसेल तेव्हा. ती घरी कापू नये, आणि का ते आकड्यांनीच बघू.

शिटी होण्याच्या वेळी कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने जास्त असतो आणि आतले पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला असते. झाकणाच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाला आतून ढकलणारा जोर ३१४ किलोच्या घरात. पाच मोठी माणसे झाकणावर उभी राहिली तर जेवढा जोर खाली लागेल तेवढा इथे वर लागतो आहे. नळाच्या १.७ किलोशी याची तुलना मुलांनाच करू द्यावी.

आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये हा जोर झाकणाला काठावर आणखी घट्ट दाबतो. दाब असेपर्यंत ते उघडत नाही, हा त्या रचनेचा मोठा गुण. बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये रिंगेला ओठासारख्या कडा असतात आणि वाफ त्या कडा धातूवर रेटते. स्टोव्हच्या पंपातल्या वाटीचेच तत्त्व. शिवाय अशा अनेक कुकरच्या झाकणाला कडेशी एक खाच किंवा खिडकी ठेवलेली असते. शिटीची नळी तुंबली आणि दाब भलताच वाढला, तर रिंग त्या खिडकीतून बाहेर ढकलली जाऊन वाफ सुटावी अशी ती योजना. म्हणजे रिंग फक्त वाफ अडवत नाही, वेळ आली तर ती सोडण्याचेही काम तिचेच. ती किती मऊ, किती जाड आणि किती दाबाला वाकेल हे हिशेबाने ठरवलेले असते. आपण हौसेने तिथे जाड आणि भक्कम रबर घातले तर ती खिडकीच बुजते. रिंग जितकी मजबूत तितका कुकर धोक्याचा, असा हा उलटा हिशेब आहे. त्यात ट्यूबच्या रबरातला काजळीचा आणि गंधकाचा अंश १२० अंशांच्या वाफेत अन्नात उतरणार, तो वेगळाच.

घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे आणि त्याच्या रबरी रिंगेसाठी आयएस ७४६६ हे वेगळे मानक आहे. एका रबरी रिंगेसाठी स्वतंत्र मानक लिहावे लागले, यातच काय ते आले. रिंग ढिली झाली की ती फ्रीजमध्ये किंवा गार पाण्यात ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. गार रबर किंचित कडक होते आणि झाकण त्या वेळेपुरते बसते. पण गेलेली उसळी गारठ्याने परत येत नाही. अशी वेळ आली की त्याच कंपनीची, त्याच मापाची नवी रिंग आणावी. मिळत नसेल तर तो कुकर साध्या झाकणाचे पातेले म्हणून वापरावा.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलेंडरच्या तोंडातही एक छोटी रबरी रिंग असते. तिच्या जागी काहीही कापून बसवायचे नाही. साधे रबर या वायूत फुगते आणि मग भेगाळते. नवा सिलेंडर आला की तो आणणाऱ्यासमोरच ती रिंग आहे ना ते बघावे, रेग्युलेटर लावल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे, आणि बुडबुडे आले तर रेग्युलेटर काढून, सुरक्षा टोपी लावून वितरकाला कळवावे. काडी ओढून गळती तपासणारे महाभाग अजून आहेत.

कल्याण स्टेशनवर बाहेरगावच्या गाडीच्या दोन डब्यांच्या मध्ये वाकून पाहिले तर (फलाटावरून, गाडी उभी असताना) खाली लोंबणाऱ्या जाड नळ्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात. त्यांतल्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा असते आणि त्या सांध्यांत रबरी रिंगा असतात. सांधा सुटला तर दाब उतरतो, आणि ही रचना अशी आहे की दाब उतरला की ब्रेक लागतात. कुकरची खिडकी आणि हा ब्रेक यांत साम्य काय, असा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारता येईल.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. एकाच शीटमधून चार सारख्या चकत्या कापा आणि प्रत्येकीची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ठेवून प्रत्येकीची जाडी एक चतुर्थांशाने कमी होईल इतपत आवळा. एक दिवसभर ठेवा, एक आठवडाभर, एक महिनाभर, आणि चौथी आठवडाभर, पण रोज दुपारी उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर. सोडवल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा जाडी मोजा. दाबलेल्या जाडीपैकी किती परत आली याचा शेकडा हिशेब काढून आलेख काढा. उन्हातल्या चकतीची तुलना सावलीत आठवडाभर ठेवलेल्या चकतीशी करा. गच्चीवरच्या टाकीच्या चावीचा वायसर घरातल्या नळाच्या वायसरपेक्षा आधी का जातो, याचे उत्तर त्या आलेखात शोधता येईल.